पंधरा जागांची माती

माधव, तुझ्या बेसण्याला मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि सगळा वेळ खाली बघत होतो. लोकांना वाटलं, मित्र गेला म्हणून. दोघातिघांनी जाता जाता खांद्यावर हात ठेवला. निजामपुऱ्याच्या तुझ्या सोसायटीतला हॉल, जमिनीवर पांढऱ्या चादरी, तुझा तो अवघडून हसणारा फोटो, वेळ चार ते सहा. आपल्या बडोद्याच्या मराठी घरांनी गुजराथ्यांकडून बरंच काही उचललं, त्यातलंच हे बेसणं. येणारा हात जोडतो, पाच मिनिटं बसतो, काही न बोलता उठतो. त्या दिवशी मला ही पद्धत फार सोयीची वाटली.

पण आता बोललं पाहिजे. तू गेल्याला दोन आठवडे झाले. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तू लिहिलेली ती मातीवरची पुस्तिका, हे सगळं लिहायला दुसरे लोक आहेत. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती वेळेवर सांगितली नाही. तरी लगेच सांगणार नाही, हे तू ओळखलं असशीलच. "विनू, तुला पत्ता विचारला तरी तू आधी गावाचा इतिहास सांगतोस," असं तूच म्हणायचास.

तर इतिहास. प्रतापनगरच्या शाळेत आपण एका बाकावर आलो ते केवळ उंचीमुळे. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आणि तुझे कोणी खापरपणजोबा इथल्या राजाच्या घोडदळात. ते घोडदळ तू मला सातवीपासून ऐकवत होतास. मी म्हणायचो, पूर्वजांनी घोडे पळवले आणि हा गांडुळं पाळतो. तू हसायचास, पण कान लाल व्हायचे. तुला चिडवणं फार सोपं होतं रे. त्यासाठी दुसरा माणूस आता मी कुठून आणू?

कारखान्यातून मी वेळेआधी निवृत्ती घेतली तेव्हा तू मांजलपूरला माझ्या घरी आलास. चहा पूर्ण व्हायच्या आत म्हणालास, "मला माती कळते, माणसं कळत नाहीत. तुला बोलता येतं, लिहिता येतं. चाल ने, दोघं मिळून करू." वाघोडियाच्या पुढे त्या गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. एकीत तुझी प्रयोगशाळा, दुसरीत दर गुरुवारी शेतकऱ्यांचा वर्ग. अकरा वर्षं आपण ते चालवलं. तुझी शिकवण एका वाक्यात मावायची. खताला शिव्या देऊ नका, पण अंदाजाने टाकू नका, आधी माती तपासा. त्यामुळे सेंद्रियवाले तुला खतवाल्यांचा माणूस समजायचे आणि खतवाले सेंद्रियवाल्यांचा. तुला दोन्हीकडच्या शिव्या सारख्याच गोड लागायच्या.

मधल्या काळात माझी बायको, सुधा, गेली. महिनाभर तू रोज दुपारी डबा घेऊन यायचास. धीर धर वगैरे एकदाही म्हणाला नाहीस. आजचा डबा ठेवायचास, कालचा रिकामा उचलायचास आणि निघायचास. एकतिसाव्या दिवशी म्हणालास, "उद्यापासून वर्गावर ये, डबा तिथे आहे." मी आलो. त्या वर्षी मी जगलो तो तुझ्या त्या डब्यावर, हे तुला कधी तोंडाने सांगितलं नाही. आज सांगतोय.

या सगळ्याला पैसा शेठ द्यायचे. पंपांच्या धंद्यातला माणूस, आई शेतकऱ्याघरची, म्हणून मातीसाठी काही करावं अशी मनापासून हौस. आडमुठा नव्हता, हिशेबी पण नव्हता. फक्त दरवर्षी एकच म्हणायचा, "फरक बताडो, विनायकभाई. फोटा नथी जोइता." फरक दाखवा, नुसते फोटो नकोत. यावरून आपली किती भांडणं झाली! तू म्हणायचास, मातीतला सेंद्रिय अंश असा तीन वर्षांत अहवालात दाखवण्याइतका वाढत नाही, दहा वर्षं द्या म्हणावं. मी म्हणायचो, अरे, देणारा पण म्हातारा होतोय, त्याला डोळ्यांदेखत काहीतरी दिसायला हवं, नाहीतर तो उद्या देवळाला देईल. तू म्हणायचास, दे म्हणावं देवळाला. हा वाद अर्धाच राहिला, आणि खरं सांगतो, त्यात मी अजून हरलेलो नाही. मी हरलो ते दुसरीकडे.

नमुना घेण्याचं तुझं सोवळं मला तोंडपाठ आहे. एका शेतात पंधरा जागा, नागमोडी चालत. बांध सोडायचा, झाडाची सावली सोडायची, पाण्याचा पाट सोडायचा, आणि जिथे कधी उकिरडा होता ती जागा तर लांबूनच सोडायची, कारण तिथली माती सगळ्या शेताबद्दल खोटं सांगते. प्रत्येक जागी खुरप्याने वीतभर खड्डा, त्याच्या कडेचा पातळ काप. सगळी माती कापडावर एकत्र करायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत. सरपंचाने घराजवळची माती खरवडून आणली तेव्हा तू त्याची पिशवी त्याच्याच हातात परत दिली होतीस, सगळ्या वर्गासमोर. मी म्हटलं, माधव, जरा सांभाळून. तू म्हणालास, "नमुना चुकला तर पुढे सगळं बरोबर करून काय उपयोग?"

गेल्या वर्षी मे महिन्यात तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून रेवाबेनच्या शेतावर मी एकटा गेलो. रेवाबेन, आपल्या वर्गाची पहिली विद्यार्थिनी. तीन विघे जमीन, लिहिता येत नाही, पण तू सांगितलेला शब्द न् शब्द पाठ. तीन वर्षं ती इमानदारीने ताग पेरून हिरवं खत म्हणून जमिनीत गाडत होती. त्या दिवशी ती लेकीकडे गेली होती. आठ दिवसांत शेठकडे अहवाल जायचा होता. दुपारचे बारा, जमीन दगडासारखी, माझा गुडघा बोलायला लागलेला. पहिल्या जागी खुरपं आपटलं तर मुठीत कळ आली. दुसऱ्या जागी तेच. मग शेताच्या कोपऱ्यात एक जागा दिसली. तिथे खुरपं सहज आत गेलं.

काळी, भुसभुशीत माती. तिच्यात अर्धवट कुजलेल्या काड्या. माधव, मला त्याच क्षणी कळलं. वर्षापूर्वीपर्यंत तिथे उकिरडा होता आणि मी तो स्वतः पाहिला होता. मी लिंबाखाली बसलो, पाणी प्यायलो, मनाशी म्हटलं, दोन-तीन काप इथले घेऊ, बाकीचे ऊन उतरल्यावर तिकडचे. ऊन उतरलं नाही. मी तिथलीच माती भरली, पिशवीत चिठ्ठी टाकली आणि चिठ्ठीवर लिहिलं, जागा: पंधरा.

नुसता आळस म्हणावं असं फार वाटतं. आळस माफ होतो. पण पूर्ण खरं तेही नाही. खुरपं आत जाताना मनात कुठेतरी शेठ होते.

त्या मातीच्या सेंद्रिय अंशाचा आकडा आला तेव्हा तू डोळ्यावर काळा चष्मा लावून प्रयोगशाळेत बसला होतास, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना. तू तपासणी पुन्हा केलीस. काचेची सगळी भांडी पुन्हा धुतलीस, आम्ल नवीन बनवलंस, तिसऱ्यांदा केलीस. आकडा तोच. सकाळी सात वाजता मला फोन, "विनू, रेवाबेनच्या मातीने कमाल केली रे!" एरवी तू दुसऱ्याचा असा आकडा बघितला असतास तर म्हणाला असतास, काहीतरी घोटाळा आहे, पुन्हा शेतात जा. पण हा आकडा तुलाही हवा होता. आणि नमुना मी आणला होता.

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. त्या फोनवर. पण तुझा आवाज इतका आनंदी होता की मीही वा, वा म्हटलं. मग दिवस गेले तसं सोपं होत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अहवाल मी लिहिला आणि चांगला लिहिला, ते मला येतंच. शेठ खूश. त्यांनी आणखी तीन वर्षांचा शब्द दिला, वर्गाच्या पगारी शिक्षकाच्या जोडीला दुसरा शिक्षक दिला. आणि तू रेवाबेनला तिच्या मातीचं पत्रक हातात देऊन सांगितलंस की आता अर्धं खत पुरे, तिन्ही विघ्यांना.

ऑगस्टमध्ये तिची कपाशी पिवळी पडली. तू दर आठवड्याला जाऊन बघून येत होतास, पानं उलटीपालटी करत होतास. पाऊस जास्त झाला म्हणालास, कीड म्हणालास. आजूबाजूच्या शेतांवर तोच पाऊस आणि तीच कीड होती. दिवाळीनंतर कापूस वेचून झाला तेव्हा तो नेहमीच्या निम्मापण नव्हता. रेवाबेनने म्हैस विकली. मग एका गुरुवारी ती वर्गाला आली, शेवटपर्यंत बसली, चहा प्यायली आणि निघताना ते पत्रक तुझ्यासमोर ठेवून म्हणाली, "साहेब, तमारो कागळ तो सारो हतो. कपास ज ना थयो."

कागद चांगला होता, कापूसच झाला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा आली नाही. तिच्या मागून बाकीच्या बायका यायच्या थांबल्या, मग पुरुष. गावात कुणी तुला वाईट बोललं नाही. नुसते खताच्या दुकानावर जायला लागले, पूर्वीसारखे, अंदाजाने.

जानेवारीतला तो रविवार तुला आठवत असेल. तुझी बाल्कनी, शेव-उसळीच्या दोन प्लेटा, तुझी तशीच पडलेली. तू बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत होतास. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "विनू, नमुना घेताना काही वेगळं झालं होतं का रे? ऊन फार होतं, तू एकटा होतास. झालं असेल तर सांग ने. मी ओरडणार नाही."

दार तू स्वतः उघडून धरलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं. आणि मी म्हटलं, "नाही रे. पंधरा जागा. तूच शिकवलंस ने."

"हो, तेही खरं," असं म्हणून तू लिंबाची फोड माझ्या प्लेटीत पिळलीस.

त्यानंतर आठ दिवसांनी तू शेठना पत्र लिहिलंस. दोन पानं, गुजरातीत. आमच्या तपासणीवर सध्या विसंबता येणार नाही, चूक माझ्या पद्धतीत आहे, ती सापडेपर्यंत कृपा करून मदत थांबवावी. लिहिलंस आणि माझ्याकडे दिलंस, भाषा तपासायला. गुजराती माझं तुझ्यापेक्षा बरं. तीन चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या आणि पत्र तुला परत दिलं. माधव, मी आयुष्यात बरीच हलकी कामं केली आहेत, कारखान्यात युनियनच्या वेळची तुला ठाऊक आहेत. पण हे सर्वांत हलकं.

शेठनी मदत थांबवली. तू मागितलीस तसंच झालं. दोन्ही शिक्षकांना तू घरी बोलावून जेवू घातलंस आणि काम संपलं म्हणून सांगितलंस. टेबलं बालवाडीला दिली. काचेचं सामान खोक्यात गेलं. बोर्ड उतरवताना मी शिडी धरली होती. पुढचे चार महिने तू घराबाहेर फारसा पडलाच नाहीस. मी फोन करायचो, तू म्हणायचास, बरं आहे, जरा वाचतोय. मी यायचो तर क्रिकेटवर बोलायचास. तुला क्रिकेट कधीपासून आवडायला लागलं? मी पण बोलायचो. धावा, विकेटा. मग जूनच्या सुरुवातीला एका सकाळी तुझं हृदय थांबलं. वय होतं, साखर होती, डॉक्टरांनी कारण दिलं आहे. तुला मी मारलं असं मी म्हणणार नाही. पण तू गेलास तो आपली अकरा वर्षांची शिकवण चुकली असं समजून गेलास, आणि ती चुकली नव्हती. उकिरड्याच्या मातीला तुझी तपासणी उकिरड्याची माती म्हणाली होती. तिने चोख उत्तर दिलं होतं. खोटी होती ती चिठ्ठी.

बेसण्याच्या दिवशी जिन्यात शेठनी मला गाठलं. डोळे ओले होते, खोटे नव्हते. म्हणाले, "विनायकभाई, माधवभाईना नामनी लॅब करीए. पेला रेवाबेनवाळा रिपोर्टथी शरू करो. पेलो पत्र तो एमनी नम्रता हती." तुझ्या नावाची प्रयोगशाळा, म्हणे. सुरुवात त्या अहवालापासून. आणि तू लिहिलेलं ते पत्र म्हणजे तुझा नम्रपणा! मी मान डोलावली. घरी येऊन कागद काढला आणि पहिली ओळ लिहायला गेलो तर रेवाबेनच्या शेताचं नाव लिहावं लागणार होतं. तुझ्या नावाच्या पाटीखाली माझी ती पिशवी कायमची पुरली जाणार होती. आणि खरं सांगितलं तर पाटीच लागणार नाही, असंही होऊ शकतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि आधी रेवाबेनकडे गेलो. ती चारा कापत होती, दुसऱ्याच्या गुरांसाठी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने विळा खाली ठेवला, ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो साहेब खोटा नहोता?"

मी म्हटलं, "ना, साहेब साचा हता. खोटो हुं." साहेब खरे, खोटा मी.

तिने कापलेला चारा पायाने बाजूला सारला. मग म्हणाली, "अने मारी भेंस?"

 म्हैस घेऊन देईन म्हणणार होतो, पण त्या तोंडाला ते शोभलं नसतं. तिने मला पाणी दिलं आणि पुन्हा विळा उचलला. म्हैस मी आणून देणार आहे, न बोलता. तिने परत पाठवली तर परत घेईन.

शेठना काल पत्र टाकलं. त्यात सगळं आहे, उकिरडा, चिठ्ठी, बाल्कनीतला तुझा प्रश्न पण. लिहिलं आहे की प्रयोगशाळा करायची तर माधवच्या पद्धतीने करा, ती खरी आहे, आणि त्या कामात मला घेऊ नका. उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

मग संध्याकाळी निजामपुऱ्याला गेलो. शरयूवहिनी बेसण्याच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी एक टोक धरलं, तशा दोन घड्या झाल्या, आणि तिसऱ्या चादरीच्या वेळी मी सांगायला सुरुवात केली. सांगून झालं तेव्हा चादर आमच्या दोघांच्या हातात तशीच पसरलेली होती.

मला वाटलं होतं, त्या रडतील. जा म्हणतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "भावजी, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

वहिनींनी माझ्या हातातून चादरीचं टोक काढून घेतलं. एकट्याने घडी घातली. मग म्हणाल्या, "ते चार महिने हे रोज सकाळी जुन्या वह्या काढून बसायचे. कुठे चुकलो, कुठे चुकलो. दुपारपर्यंत. जेवायला उठायचे नाहीत. मी म्हणायची, विनूभावजींना बोलवा ने, दोघं मिळून शोधा, लवकर सापडेल. तर म्हणायचे, नको. नमुना त्याने आणला होता. आता बोलावलं तर त्याला वाटेल, मी त्याच्यावर संशय घेतोय."

एवढं बोलून त्या आत गेल्या.

माधव, घ्यायचा होतास रे. एकदा तरी घ्यायचा होतास.